परवानगीचा खेळ

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले. २०१४ साली आलेला हा मोटारी पळवण्याचा गेम. अख्ख्या अमेरिकेचा नकाशा आटोपशीर करून त्यात बसवलेला. न्यूयॉर्कहून निघावे आणि गाडी हाकत थेट लॉस एंजेलिस गाठावे. एकट्याने खेळण्याजोग्या मोहिमाही त्यात भरपूर होत्या, पण त्यांच्यासाठीसुद्धा कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागे. सर्व्हर गेला आणि त्याच्याबरोबर गेमही गेला. पुढच्याच महिन्यात कित्येकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. यात लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही, की डाउनलोड घेणारे जितके नागवले गेले तितकेच कपाटात डिस्क ठेवणारेही. डिस्क शाबूत, डबीवरचे चित्र शाबूत, कन्सोल सुरू. गेमचा मात्र पत्ता नाही. डिस्क घ्यावी की डिजिटल प्रत, हा वाद गेम खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षे चालला आहे, आणि तो बहुधा हौस विरुद्ध सोय अशा थाटात चालतो. एकीकडे डब्यांची रांग पाहून सुखावणारे, दुसरीकडे डिस्क बदलायला सोफ्यावरून उठण्याचाही कंटाळा करणारे. हा वाद चुकीच्या मैदानावर लढला जातो आहे असे मला वाटते. एकदा पैसे दिल्यावर खेळण्यासाठी पुन्हा कोणाची परवानगी लागते का, किती वेळा लागते, आणि ती देणारा उद्या उरला नाही तर काय होते, हे विचारायला हवे. डिस्क हे एकेकाळी या प्रश्नांचे पक्के उत्तर होते. आता ते उत्तर दर गेमागणिक तपासून घ्यावे लागते.

पूर्वी ते पक्के का होते, हे आधी पाहू. प्लेस्टेशन २ च्या काळात, किंवा त्याआधीच्या कार्ट्रिजच्या काळात, कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू हाच पूर्ण गेम असे. त्यात चूक राहिली असेल तर ती कायमची राहिली. पण गेम बनवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध दुकानाच्या गल्ल्यावरच संपत असे. हा संबंध लांबवण्याची सुरुवात संगणकावर झाली, आणि गंमत म्हणजे ती डिस्कच्याच पोटातून झाली. व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम सुरू केले आणि पुढच्या वर्षी 'हाफ-लाइफ २' विकायला काढला. खोक्यात डिस्क होती, पण स्टीमवर खाते काढून नोंद केल्याशिवाय तो गेम सुरू होत नसे. कन्सोलवाल्यांनी हेच धोरण जरा धसमुसळेपणाने आणू पाहिले. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला, आणि त्याने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, नाहीतर गेम चालणार नाहीत, असे पुढे सांगितले. जुन्या गेमांच्या विक्रीवरही बंधने येणार होती. लोक असे काही भडकले, की जूनमध्येच कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच वेळी सोनीने एक छोटीशी चित्रफीत काढली होती: प्लेस्टेशन ४ वर मित्राला गेम उसना कसा द्यावा? सोनीच्याच शुहेई योशिदा यांनी समोरच्या सहकाऱ्याच्या हातात डबी ठेवली, त्याने आभार मानले, संपले. मालकी म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी जाहिरात मला आठवत नाही. मात्र हुकूम काढून जे जमले नाही ते पुढच्या दहा वर्षांत सोयीने सहज जमवले. त्याच सोनीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आणलेल्या पीएस५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही. तो वेगळा घेऊन जोडता येतो, पण जोडल्यावर त्याची ओळख पटवायला एकदा इंटरनेट लागतेच. म्हणजे डिस्क वाचणाऱ्या यंत्रालाही आधी परवानगी घ्यावी लागते.

डिस्कच्या आत काय उरले आहे, हे त्याहून बोलके आहे. २०१५ मधल्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५'च्या डिस्कवर शिकवणीचा भाग आणि स्वतःचे पार्क बांधण्याची सोय एवढेच जेमतेम होते. खरा गेम पहिल्या दिवशीच्या पॅचमधून यायचा. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २'च्या २०२२ मधल्या पीएस५ डिस्कवर सुमारे ७० एमबी इतकाच मजकूर निघाला, जिच्यावर १०० जीबीपर्यंत माल मावतो अशा तबकडीवर! बाकीचा सगळा गेम डाउनलोड. निन्टेन्डोने जून २०२५ मध्ये स्विच २ बाजारात आणताना या प्रकाराला रीतसर नावच दिले: गेम-की कार्ड. कार्ड खाचेत घालायचे, ते किल्लीचे काम करणार, गेम मात्र इंटरनेटवरून उतरवायचा. यात डिस्कची गैरसोय आहे आणि डाउनलोडचे परावलंबनही आहे. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की हे कार्ड दुसऱ्याला विकता येते आणि डब्यावर ते काय आहे हे छापलेले असते. उलट त्याच स्विच २ साठी 'सायबरपंक २०७७' ६४ जीबीच्या कार्डवर पूर्णच्या पूर्ण दिला गेला. तेव्हा तांत्रिक अडचणीचे कारण सगळ्यांनीच पुढे करण्यात अर्थ नाही. मोठ्या क्षमतेचे कार्ड महाग पडते, हे खरे कारण आहे, आणि ते तसेच सांगितले तर निदान प्रामाणिक तरी वाटेल.

आता डिजिटलच्या बाजूचा हिशेब. गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांचा 'पी. टी.' हा भयपट म्हणावा असा छोटा गेम ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशनच्या दुकानात फुकट आला, जगभर गाजला, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये प्रकाशक कोनामीने तो काढून टाकला. एकदा घेतलेला गेमही पुन्हा उतरवता येईना. ज्या कन्सोलवर तो राहिला होता, ते कन्सोल लोक चढ्या भावाने विकू लागले. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४'ची गोष्ट मला अधिक विचार करायला लावते, कारण तिथे गेम गेला नाही, बदलला. २००८ साली तो निघाला तेव्हा त्यातल्या रेडिओवरच्या गाण्यांचे परवाने दहा वर्षांचे होते. एप्रिल २०१८ मध्ये ती मुदत संपली आणि एका अपडेटने बरीच गाणी, विशेषतः व्लादिव्होस्तोक एफएम या रशियन स्टेशनवरची, विकत घेतलेल्या प्रतींतून काढून टाकली. त्यांच्या जागी दुसरी गाणी आली. त्या गेमचा नायक पूर्व युरोपातून आलेला, त्याच्या एकटेपणाला त्या स्टेशनचीच साथ होती; चित्रपटाची गाणी दहा वर्षांनी बदलावीत आणि प्रेक्षकाच्या घरातल्या प्रतीतही ती बदलून टाकावीत, असा हा प्रकार. जुनी डिस्क इंटरनेटविना चालवणाऱ्याला ती गाणी आजही ऐकू येतात. याच मालिकेतल्या 'व्हाइस सिटी'वर आपल्याकडच्या सायबर कॅफेंत एक पिढी वाढली (बहुतेक चोरीच्या सीडीवर, हे मान्य करायला आता हरकत नाही). त्याची मूळ आवृत्ती २०२१ मध्ये, नव्या रंगसफेदी केलेल्या आवृत्तीची वाट मोकळी करण्यासाठी, डिजिटल दुकानांतून उचलण्यात आली. नवी आवृत्ती आली ती चुकांनी भरलेली. ज्याच्याकडे जुनी तबकडी होती त्याला या उलाढालीची खबरही लागण्याचे कारण नव्हते.

न्यायाने पाहायचे तर सगळीच दुकाने इतकी निष्ठुर नाहीत. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये वी यू आणि थ्रीडीएसचे डिजिटल दुकान बंद केले, तरी आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची मुभा ठेवली. सोनीने २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हिटाची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले, ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. स्टीमवर वीस वर्षांपूर्वी घेतलेले कित्येक गेम आजही मुकाट चालतात. पण यातल्या प्रत्येक ठिकाणी घेणाऱ्याला मिळालेली गोष्ट कंपनीची मर्जी होती, हक्क नव्हे. मर्जी चांगली असेपर्यंत दोन्हींत फरक दिसत नाही, इतकेच.

हक्काचा मुद्दा सर्वांत ठसठशीत दिसतो तो पुनर्विक्रीत, आणि भारतात तो कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा खिशाला जास्त कळतो. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला: डिस्कवाला ४९,९९० रुपयांना; बिनडिस्कच्याची किंमत ३९,९९० ठरली होती. सोनीच्या स्वतःच्या मोठ्या गेमची किंमत तेव्हा ४,९९९ रुपये. खेळून झालेली डिस्क निम्म्या किमतीला गेली असे धरले, तर चार गेमांत ड्राइव्हचे जादा दहा हजार भरून निघतात, आणि पाचव्यापासून फायदा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा जुन्या डिस्कचा धंदा याच गणितावर चालत आला. डिजिटल प्रतीला हे गणितच लागू नाही. ती विकता येत नाही, देता येत नाही. स्टीमच्या करारानुसार तर खातेही दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. अमेरिकेत १९०८ पासून न्यायालयांनी मानलेले तत्त्व असे, की पुस्तकाची प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. पण डाउनलोडला ते लावायला तिथली न्यायालये तयार नाहीत. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हवर खटला भरला; २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने पुनर्विक्रीच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो उलटवला. मुंबईकराला हे पागडीच्या भाषेत लगेच कळेल. पागडीच्या खोलीसाठी भाडेकरू एकरकमी मोठी रक्कम मोजतो, पूर्ण मालक होत नाही, तरी मालकाला त्याचा वाटा देऊन ती खोली पुढे देऊ शकतो; १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने या व्यवहाराला मान्यताही दिली. डिजिटल गेम घेणारा रक्कम मोजतो खरेदीदाराची आणि हक्क मिळवतो पागडीवाल्यापेक्षाही कमी.

डिस्कच्या बाजूने बोलणाऱ्याला तीन आक्षेप नेहमी ऐकावे लागतात. पहिला सोयीचा, आणि त्यावर वाद घालू नये. घरबसल्या गेम येतो, डिस्क हरवत नाही, तिला ओरखडे पडत नाहीत. शंभर-दीडशे जीबीचा गेम उतरवायला चांगली जोडणी लागते आणि मूळ पीएस५ च्या ८२५ जीबीतली सातशेसुद्धा वापरायला मिळत नाही, हे खरे. पण आजकाल डिस्कवाल्यालाही गेम कन्सोलवर भरून घ्यावाच लागतो, त्यामुळे जागेची अडचण दोघांची सारखीच. दुसरा आक्षेप वजनदार आहे. डिस्क छापणे, वाहून नेणे, दुकानात मांडणे हे लहान मंडळींना परवडत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे जो कन्सोल भारतात अधिकृतपणे विकला जात नव्हता त्याच्यावर! डिजिटल दुकान नसते तर पुण्यातल्या मूठभर माणसांनी केलेला गेम जगभरच्या खेळणाऱ्यांपुढे असा गेला नसता. हे मी बिनशर्त मान्य करतो. पण यातून सिद्ध होते ते एवढेच, की डिजिटल वितरण उत्तम आहे. खरेदीनंतरही कुलूप विक्रेत्याच्याच हाती राहिले पाहिजे, हे त्यातून सिद्ध होत नाही. २००८ पासून चालू असलेले गॉग हे दुकान डिजिटलच आहे. तिथला गेम घेतला की त्याची इन्स्टॉल करायची फाइल उतरवून घ्यावी, हार्ड डिस्कवर ठेवावी, दुकान बुडाले तरी ती चालते. माझ्या हिशेबी अशी फाइल ७० एमबीच्या तबकडीपेक्षा जास्त 'वस्तू' आहे. तिसरा आक्षेप असा, की डिस्कही नाशवंत असते: थर सुटतात, लेझर बिघडतो, जुने कन्सोल दुरुस्त करणारे उरत नाहीत, शिवाय डिस्कवर गेमची पहिली, चुकांनी भरलेली आवृत्ती असते. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' जुन्या कन्सोलवर इतका मोडका निघाला, की सोनीने तो काही महिने आपल्या दुकानातून काढला. त्या दिवसांतली डिस्क जपून काय मिळणार? मोडका का होईना, पण गेम मिळणार, हे माझे उत्तर; आणि वस्तू जुनी होऊन बिघडणे व कोणीतरी ती आपल्या हातातून काढून घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर उपाय करता येतो. प्रती करता येतात.

प्रतींचा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. १९३१ चा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकही प्रत आज सापडत नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच उरला आहे. १९३२ चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मात्र पाहायला मिळतो. इथे कोणी म्हणेल, की हरवलेले चित्रपट तर वस्तूच होते, फिल्मची रिळे होती. मग वस्तूचा एवढा कैवार कशाला? आक्षेप बरोबर आहे, आणि तो मला हवा तिथेच नेतो. रिळे हरवली कारण प्रती मोजक्या होत्या आणि त्या धंदेवाल्यांच्याच गोदामात होत्या. ज्यांना त्या सिनेमाचे प्रेम होते त्यांच्या घरी प्रत असण्याची सोयच नव्हती. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, पी. के. नायर यांनी जिवाचे रान करून हजारो चित्रपट गोळा केले, ते जिथे कुठे कोणाकडे प्रत शिल्लक होती म्हणून. गेमच्या बाबतीत घराघरांत प्रती पोहोचल्या होत्या, आणि तंत्रज्ञान पुढे गेल्यावर आपण त्या पुन्हा एका गोदामात न्यायला निघालो आहोत. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले, की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. संशोधकांना ग्रंथालयातले असे गेम घरून पाहता यावेत म्हणून सवलत मागितली गेली; २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. जुने गेम खेळतो कोण, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की १९३१ नंतर कित्येक वर्षे 'आलम आरा'विषयीही कोणी तसे विचारले नसेल याची खात्री देता येत नाही.

राहिला कंपन्यांचा युक्तिवाद. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, दहा-बारा माणसे खेळत असताना ते कायम कोणी चालवावेत? हे रास्त आहे, पण अशी मागणी मुळात कोणी केलेलीच नाही. 'द क्रू' बंद पडल्यावर यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघाकडे पाठवायच्या तिच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तिचे म्हणणे साधे आहे: गेम बंद करायचा तर जरूर करा, पण जाताना तो खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा. उद्योगाच्या युरोपातल्या संघटनेने उत्तर दिले, की याने खर्च फार वाढेल आणि खासगी सर्व्हरवर खेळणाऱ्यांच्या सुरक्षिततेची हमी कोण घेणार. शेकडो लोक एकत्र खेळतात अशा गेमांपुरते मला ते पटते; तिथे सर्व्हर हाच गेम असतो आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. एकट्याने गाडी चालवण्याच्या मोहिमेला ते लागू पडत नाही. खुद्द युबिसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४ मध्ये 'द क्रू २' आणि 'द क्रू मोटरफेस्ट'ला ऑफलाइन सोय देण्याचे जाहीर केले. तेव्हा हे अशक्य होते असे म्हणायला जागा उरली नाही. आधी तशी गरज कंपनीला भासली नव्हती, इतकेच. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला, की जी डिजिटल वस्तू काढून घेतली जाऊ शकते ती विकताना हा केवळ परवाना आहे असे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. हा कायदा हक्क देत नाही, फक्त खरे बोलायला लावतो. भारतात तेवढेही नाही.

म्हणून माझा कौल सरसकट डिस्कच्या बाजूने नाही. जो गेम एकट्याने खेळायचा आहे, ज्याची डिस्क इंटरनेटशिवाय सुरू होते, त्याची डिस्क घ्यावी. घेण्यापूर्वी डब्याच्या मागे 'इंटरनेट आवश्यक' असे लिहिले आहे का ते वाचावे, आणि डिस्कवर प्रत्यक्षात किती गेम आहे हे तो आधी घेतलेल्यांना विचारावे. संगणकावर कुलूप नसलेली फाइल मिळत असेल तर ती डिस्कहून बरी. मात्र ती उतरवून दोन ठिकाणी ठेवावी, नुसती खात्यात पडून राहिली तर तिचा उपयोग नाही. लहान स्टुडिओचा गेम फक्त डिजिटल निघाला असेल तर तो खुशाल घ्यावा, त्याशिवाय ती माणसे पुढचा गेम करणार नाहीत. उरलेल्या सगळ्या डिजिटल प्रती, आणि किल्लीपुरती कार्डेही, मुदत न सांगता दिलेले भाडे आहे असे समजून त्यांची किंमत ठरवावी. पाच हजार रुपये हे भाडे होऊ शकत नाही. असा गेम पहिल्या दिवशी घेऊ नका. सेलची वाट पाहा. स्टीमवर तो वर्षातून चारदा लागतो.